एक लाख माणसं, तीन यार्ड

2 जानेवारी 2024 ला पहाटे साडेतीनचा गजर लावून उठलो. घरात कुणाची झोपमोड नको म्हणून इअरफोन घातले आणि अंधारातच लॅपटॉप उघडला. कॅलिफोर्नियात तेव्हा नववर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारचे दोन वाजले होते. पॅसाडेना शहरातल्या रोझ बोल मैदानात मिशिगन आणि अलाबामा या दोन विद्यापीठांचे संघ उतरत होते. हा अमेरिकन फुटबॉल. पायाने कमी आणि हाताने जास्त खेळायचा. मैदानात माणसं होती 96,371.

खेळ इतका लांबला की तिसऱ्या टप्प्याच्या आसपास तिथला सूर्य मावळायला लागला, सॅन गॅब्रिएलचे डोंगर गुलाबी झाले आणि इकडे माझ्या खिडकीबाहेर फटफटायला लागलं. एकाच वेळी एका डोळ्याने संध्याकाळ आणि दुसऱ्याने पहाट बघण्याचा तो अनुभव मी विसरलेलो नाही. सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ मिळाला. त्यात मिशिगनने आधी सात गुण काढले. आता अलाबामाला शेवटचा एक प्रयत्न होता आणि गोलरेषा होती तीन यार्डांवर. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट. आपल्या घरातल्या जमिनीपासून छतापर्यंत जेवढं अंतर असतं, साधारण तेवढंच. अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा खेळ चालवणारा गडी, जेलन मिलरो चेंडू घेऊन थेट मधोमध घुसला आणि माणसांच्या ढिगात अडकला. मिशिगन 27, अलाबामा 20. अमेरिकेत 2 कोटी 77 लाख लोक हे घरी बसून बघत होते.

त्या सकाळी चहा घेताना मी कागदावर आकडे मांडायला सुरुवात केली आणि अजून थांबलेलो नाही. या खेळातले आकडे दोनच मापांत येतात. एक लाखांच्या, कोटींच्या घरातलं. दुसरं यार्डांच्या, सेकंदांच्या घरातलं. मधलं काही नाही. या दोन मापांच्या मधोमध उभा असतो तो विशीतला एक विद्यार्थी.

आधी मोठं माप घेऊ. रोझ बोल सामन्याचा गर्दीचा विक्रम 1 जानेवारी 1973 चा आहे: 1,06,869. सदर्न कॅलिफोर्नियाने त्या दिवशी ओहायो स्टेटला 42-17 असं हरवलं. पॅसाडेनाची तेव्हाची सगळी लोकसंख्या सुमारे 1 लाख 13 हजार होती, म्हणजे एका वाडग्यात जवळपास एक अख्खं शहर बसलं होतं. बाकड्यावर माणशी दीड फूट जागा धरा. ती सगळी बाकडी सोडवून एका रांगेत मांडली तर लांबी भरते जवळपास 49 किलोमीटर. दादरला पहिला माणूस बसवला तर शेवटचा कल्याणच्याही पुढे जाऊन बसेल, आणि दोघांच्या मध्ये एकही जागा रिकामी नसेल. वानखेडेवर सुमारे 33 हजार माणसं मावतात. तीन वानखेडे भरूनही काही हजार माणसं बाहेर ताटकळत राहिली असती.

आणि हे काही देशातलं सगळ्यात मोठं मैदान नव्हे. एक लाखाहून जास्त आसनांची आठ मैदानं अमेरिकेत आहेत, आणि आठही विद्यापीठांची आहेत. मिशिगनचं 1,07,601 चं, पेनसिल्व्हेनिया स्टेटचं 1 लाख 6 हजारांहून थोड्या जास्त आसनांचं, मग ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, लुइझियाना स्टेट, टेनेसी, टेक्सस आणि अलाबामा. व्यावसायिक खेळाडूंची जी एनएफएल, जिचा पैसा आणि झगमगाट जगभर माहीत आहे, तिचं सगळ्यात मोठं मैदान साधारण साडेब्याऐंशी हजारांचं. पेन स्टेट विद्यापीठ ज्या गावात आहे त्या स्टेट कॉलेजची लोकसंख्या जेमतेम 40 हजार. सामन्याच्या शनिवारी त्या गावाच्या अडीचपट माणसं मैदानात असतात. मिशिगनच्या मैदानावर तर 1975 पासून घरच्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर गर्दी होत आली आहे. करोनाचं 2020 साल तेवढं वगळायचं. जवळपास पन्नास वर्षं, दर वर्षी सहा-सात वेळा, एका विद्यापीठाच्या पोरांचा खेळ बघायला लाख माणसं. पंढरीच्या वारीखेरीज इतक्या नेमाने जमणारी गर्दी मला आठवत नाही.

बोल म्हणजे वाडगा. येल विद्यापीठाने 1914 मध्ये न्यू हेवनला जमीन खोदून वाडग्याच्या आकाराचं मैदान केलं आणि त्याला येल बोल म्हटलं. तोच नमुना समोर ठेवून मायरन हंट या वास्तुकाराने पॅसाडेनात आरोयो सेकोच्या खोऱ्यात रोझ बोल उभारलं, 1922 मध्ये. आधी घोड्याच्या नालेसारखं, एका बाजूने उघडं, 57 हजार आसनांचं. नंतर ती बाजूही बुजवली. मैदानाचं नाव सामन्याला चिकटलं आणि मग देशभर वाडग्यांचं पीक आलं. 1935 मध्ये मायामीत ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बोल, 1937 मध्ये डॅलसला कॉटन बोल. ज्या गावात जे पिकतं त्याचं नाव. आज डिसेंबर-जानेवारीत असे चाळिसाहून जास्त सामने होतात.

पण हा सामना मैदानाहून वीस वर्षांनी जुना आहे. पॅसाडेनात 1890 पासून नववर्षाच्या दिवशी फुलांची मिरवणूक निघते. पूर्वेकडे बर्फ साचलेलं असताना आमच्याकडे गुलाब फुलतात, हे जगाला दाखवायची हौस. आजही त्या मिरवणुकीचा नियम असा की चित्ररथाचा दिसणारा प्रत्येक इंच फुलं, पानं, बिया, साली अशा निसर्गातल्याच वस्तूंनी झाकलेला पाहिजे. शेवटच्या आठवड्यात स्वयंसेवक बसून बिया चिकटवतात, आणि गुलाबाचा प्रत्येक देठ पाण्याच्या छोट्या नळीत खोचतात, म्हणजे साडेपाच मैलांच्या रस्त्यावर फूल मान टाकत नाही. 1 जानेवारीला रविवार आला तर मिरवणूक आणि सामना दोन्ही 2 तारखेला. हा नियम 1893 चा. चर्चबाहेर बांधलेले घोडे वाजंत्रीने बुजतील म्हणून केलेला. घोडे गेले, नियम राहिला.

या मिरवणुकीच्या जोडीला 1902 मध्ये फुटबॉलचा सामना ठेवला. मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड, प्रेक्षक आठेक हजार. मिशिगनने 49 गुण केले, स्टॅनफर्डने शून्य. आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डच्या कर्णधाराने आता पुरे म्हणून विनंती केली आणि सामना तिथेच थांबला. मिशिगनचा त्या मोसमातला हिशेब आजही डोळे चोळून बघावा असा आहे: 11 सामने, स्वतःचे गुण 550, विरुद्ध सगळ्यांचे मिळून शून्य. सरासरी बरोबर पन्नास. असल्या एकतर्फी खेळात लोकांना रस वाटेना म्हणून संयोजकांनी फुटबॉल बंद केला आणि काही वर्षं रथांच्या शर्यती भरवल्या, रोमन धाटणीच्या. फुटबॉल परतला 1916 मध्ये, आणि तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही.

आता पैसा. याबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, पण माझा राग त्यातून लपणार नाही.

2015 पासून ईएसपीएन वाहिनी रोझ बोलच्या प्रक्षेपणासाठी वर्षाला 8 कोटी डॉलर मोजत आली. विद्यापीठांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीचा नवा करार सहा वर्षांचा, 780 कोटी डॉलरचा. त्या पहाटे हरलेल्या अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त घेत होते. आणि मैदानात हाडं मोडून घेणाऱ्या मुलांना 2021 पर्यंत शिष्यवृत्ती, जेवण, राहणं याखेरीज जवळपास काही घ्यायची परवानगी नव्हती. 2010 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या खेळाडूने एका बोल सामन्यात स्वतः अंगावर घातलेली जर्सी एक हजार डॉलरला विकली. शिक्षा झाली चार सामने बाहेर बसण्याची. स्वतःच्या घामाने भिजलेला कपडा विकला म्हणून! हे वाचलं तेव्हा मी पुन्हा एकदा आकडा तपासला. एक हजारच होता.

1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवता येऊ लागले. जून 2025 मध्ये न्यायालयाने एका तडजोडीला मंजुरी दिली: जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे 280 कोटी डॉलर, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंना मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटा देऊ शकेल. शंभर वर्षांहून जास्त उशीर झाला, पण झालं ते योग्य झालं.

पैशाची बाजू मांडताना एक गाळणी नजरेसमोर ठेवावी लागते. अमेरिकेत शाळांमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे दहा लाख. त्यातली पाऊण लाखाच्या आसपास महाविद्यालयांच्या संघांत पोचतात. आणि दर वर्षी एनएफएलचे संघ ड्राफ्टमध्ये निवडतात ती मुलं साधारण अडीचशे. बाकीचे शिक्षक होतात, विमा विकतात, शेती करतात, फौजेत जातात. म्हणजे रोझ बोलच्या गवतावर उभ्या असलेल्या बहुतेक पोरांसाठी ती दुपार ही आयुष्यातली शेवटची मोठी दुपार असते. लाख माणसांचा तो आवाज त्यांच्या कानावर पुन्हा कधी पडत नाही. मला हा आकडा डॉलरच्या आकड्यांहून जड वाटतो.

आता छोटं माप.

मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्याचा. चेंडू घेऊन समोरच्या पट्टीत पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण. घड्याळात खेळ साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात साडेतीन-चार तास लागतात. वॉल स्ट्रीट जर्नलने 2010 मध्ये व्यावसायिक सामने घड्याळ लावून मोजले तेव्हा चेंडू खरोखर खेळात असण्याचा वेळ निघाला सुमारे अकरा मिनिटं. बाकी सगळं थांबणं, ठरवणं, रांगा लावणं. म्हणून या खेळात एकेक क्षण इतका भरलेला असतो.

4 जानेवारी 2006 चा रोझ बोल घ्या. टेक्सस विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया. सदर्न कॅलिफोर्निया लागोपाठ 34 सामने जिंकून आलेलं, टेक्सस 19. दोन्ही संघांनी मिळून त्या रात्री 1,130 यार्ड अंतर कापलं, एक किलोमीटरहून जास्त. बारा मिनिटांचा रस्ता म्हणा, पण प्रत्येक पावलावर शंभर किलोचा माणूस अंगावर येतोय. दोन मिनिटं नऊ सेकंद बाकी होते, सदर्न कॅलिफोर्निया पाच गुणांनी पुढे होतं आणि त्यांना फक्त दोन यार्ड हवे होते. लेंडेल व्हाइट नावाचा धिप्पाड गडी चेंडू घेऊन घुसला. एक यार्ड कमी पडला. चेंडू टेक्ससकडे गेला. मग टेक्ससचा क्वार्टरबॅक विन्स यंग एकेक खेळी करत संघाला पुढे घेऊन आला आणि 19 सेकंद राहिले असताना, शेवटच्या प्रयत्नात, आठ यार्ड धावून उजव्या कोपऱ्यात पोचला. 41-38. एकट्या यंगने त्या रात्री 267 यार्ड फेकून आणि 200 यार्ड पळून काढले.

तो सामना सरासरी 3 कोटी 56 लाख लोकांनी घरी बघितला. चार तास धरले तर माणसांचे एकूण 14 कोटींहून जास्त तास होतात. वर्षांत मोडून बघा: सोळा हजार वर्षं. शेतीचा शोध लागल्यापासून आजपर्यंतचा काळही त्याहून कमी भरतो. तेवढा मनुष्यवेळ एका संध्याकाळी एका खेळात ओतला गेला, आणि निकाल लागला एका यार्डावर. यंगला त्या रात्रीचे मिळाले शून्य डॉलर.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो 1929 चा रॉय रिगल्स.

1 जानेवारी 1929. कॅलिफोर्निया विरुद्ध जॉर्जिया टेक. साठ हजारांहून जास्त प्रेक्षक. दुसऱ्या टप्प्यात जॉर्जिया टेकच्या स्टम्पी थॉमसनच्या हातून चेंडू निसटला. कॅलिफोर्नियाचा रॉय रिगल्स मधल्या फळीत खेळायचा. त्या जागेवरच्या खेळाडूच्या वाट्याला चेंडू घेऊन पळणं जवळपास येतच नाही. चेंडू समोर उसळला, त्याने झेपावून उचलला. अंगावर येणाऱ्या एकाला चुकवायला गर्रकन वळला, आणि त्या एका गिरकीत त्याच्या दिशा फिरल्या. समोर मोकळं मैदान दिसलं आणि तो सुटला. आपल्याच गोलरेषेकडे.

जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. तो पळतोय, साठ हजार माणसं ओरडतायत. तो आवाज त्याला प्रोत्साहनाचा वाटणार नाही तर कसला? त्याचाच सहकारी बेनी लॉम, संघातला वेगवान गडी, मागून जिवाच्या आकांताने हाका मारत धावतोय. रिगल्सला वाटतं याला चेंडू हवाय, आणि तो आणखी वेग घेतो. दहा यार्ड, तीस, पन्नास. तब्बल पासष्ट यार्ड पळाल्यावर, गोलरेषा तीनेक यार्डांवर असताना, लॉमने त्याचा हात पकडला आणि त्याला फिरवलं. तेवढ्यात जॉर्जिया टेकचे गडी आदळले आणि एक यार्डावर त्याला पाडलं. पासष्ट यार्ड म्हणजे साठेक मीटर. पायांत बळ असलेल्या पोराला आठ-दहा सेकंद.

पुढच्या खेळीत कॅलिफोर्नियाने चेंडू लाथाडून दूर पाठवायचा प्रयत्न केला, तो अडवला गेला आणि जॉर्जिया टेकला दोन गुण मिळाले. सामना संपला 8-7. ते दोन गुण काढून टाका, मग कळेल त्या दहा सेकंदांची किंमत काय होती.

मध्यंतराला रिगल्स खोलीच्या कोपऱ्यात अंगावर घोंगडी घेऊन बसला आणि हमसून हमसून रडला. बाकीचे गप्प. प्रशिक्षक निब्स प्राइस यांनी मध्यंतर संपत आल्यावर एवढंच सांगितलं की पहिल्या अर्ध्यात जे उतरले तेच आता उतरतील. सगळे उठले, रिगल्स बसून राहिला. मी तुमचं, विद्यापीठाचं, स्वतःचं वाटोळं केलं, मला लोकांना तोंड दाखवता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. प्राइस त्याला म्हणाले, सामना अजून अर्धा बाकी आहे. तो उठला, मैदानात गेला आणि जीव तोडून खेळला. प्रतिस्पर्ध्याची एक लाथ त्याने स्वतः अडवली. पुढच्या मोसमात तो कॅलिफोर्नियाचा कर्णधार होता. पस्तीस वर्षांनी, ऑक्टोबर 1964 मध्ये, मिनेसोटाच्या जिम मार्शल या व्यावसायिक खेळाडूने अशीच उलटी धाव घेतली, 66 यार्डांची. रिगल्सने त्याला पत्र पाठवून आपल्या मंडळात त्याचं स्वागत केलं. इतक्या वर्षांत ते ओझं त्याने किती हलकं करून घेतलं होतं! निब्स प्राइसना तो सामना हरल्याचं दुःख झालंच असेल. पण मध्यंतरात त्यांनी त्या मुलाला उठवलं, ते त्यांच्या नावावरचं मोठं काम आहे, असं मी मनापासून मानतो.

आणखी एक आकडा सांगतो, त्यात मात्र सगळी गंमतच आहे. 2 जानेवारी 1961, वॉशिंग्टन विरुद्ध मिनेसोटा. वॉशिंग्टनचे पाठीराखे मध्यंतरात रंगीत पुठ्ठे उचलून मोठमोठी चित्रं दाखवणार होते. कुणी कोणत्या क्रमांकाला कोणता रंग धरायचा याचा कागद प्रत्येकाच्या जागेवर ठेवायचा होता, एकूण 2,232 कागद. पॅसाडेनातच कॅलटेक ही विज्ञानाची नामांकित संस्था आहे. तिथल्या चौदा विद्यार्थ्यांनी हे कागद जिथे ठेवलेले होते त्या खोलीत चोरून प्रवेश मिळवला, एक कागद पळवून त्याच्या हुबेहूब प्रती छापल्या आणि मग 2,232 कागदांवर एकेक करून, हाताने, नव्या सूचना लिहिल्या. संगणक नाही, झेरॉक्सची सोय नाही. सामन्याच्या दिवशी पहिली अकरा चित्रं बिनचूक आली. बाराव्यात वॉशिंग्टनच्या हस्की कुत्र्याच्या जागी बीव्हर दिसला, कॅलटेकचं चिन्ह. तेराव्यात हस्कीज हे नाव उलट्या अक्षरांत उमटलं. आणि चौदाव्यात, देशभर टीव्हीवर, दोन हजारांहून जास्त माणसांनी स्वतःच्या हाताने धरलेल्या पुठ्ठ्यांतून अख्ख्या देशाने वाचलं: कॅलटेक. पुठ्ठे धरणाऱ्या एकालाही आपण काय लिहितोय ते दिसत नव्हतं. गर्दीत बसलेल्या माणसाला गर्दीचं चित्र कधी दिसतं?

त्याच गर्दीतून एक माणूस वजा केला तर काय होतं, ते 1942 ने दाखवलं.

7 डिसेंबर 1941 ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पश्चिम किनाऱ्यावर जवळपास लाखाची गर्दी एका वाडग्यात जमू देणं धोक्याचं, म्हणून पॅसाडेनातला सामना रद्द झाला. मिरवणूकही नाही. ऑरेगन स्टेटचा प्रतिस्पर्धी होता ड्यूक. त्यांनी आपलं घरचं मैदान देऊ केलं. त्यामुळे तो रोझ बोल साडेतीन हजार किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला झाला. शेजारच्या विद्यापीठांकडून बाकडी उसनी आणून मैदान वाढवलं आणि पावसाळी हवेत 56 हजार माणसं बसली. ऑरेगन स्टेट 20, ड्यूक 16. पुढे दोन्ही संघांतले बहुतेक गडी युद्धावर गेले. इटलीच्या आघाडीवर त्या सामन्यातल्या एका संघाच्या खेळाडूने दुसऱ्या संघाच्या जखमी खेळाडूला उचलून सुरक्षित जागी नेलं.

ऑरेगन स्टेटच्या संघात जॅक योशिहारा नावाचा मुलगा होता. जन्म जपानचा, तीन वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेत आलेला. पर्ल हार्बरनंतर सराव चालू असताना सरकारी तपास खात्याची माणसं मैदानावर आली. जपानी वंशाच्या लोकांना घरापासून 35 मैलांपलीकडे जायला बंदी झाली होती. संघ आगगाडीत बसून हजारो किलोमीटर पूर्वेला गेला आणि जॅक मागे राहिला.

सामन्यानंतर बरोबर 49 दिवसांनी, 19 फेब्रुवारी 1942 ला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली. जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. रोझ बोलच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या गर्दीपेक्षा ही माणसं जास्त होती. पॅसाडेनाशेजारी आर्केडियात सांता अनिता हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे. तिथल्या तबेल्यांत महिनोन्‌महिने हजारो माणसं ठेवली होती, रोझ बोलपासून काही मैलांवर. जॅक योशिहारा आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत गेला. त्याचं शिक्षण तिथेच तुटलं.

जून 2008 मध्ये ऑरेगन स्टेट विद्यापीठाने युद्धकाळात शिक्षण तुटलेल्या आपल्या 42 जपानी-अमेरिकन विद्यार्थ्यांना सन्मान म्हणून पदव्या दिल्या. जॅक योशिहारा त्यांतला एक होता. डरहॅमच्या सामन्याला तेव्हा 66 वर्षं होऊन गेली होती.